हौद्यावरचं घर विकताना

आमच्याकडे २०१६ ची फोर्ड एफ-२५० पिकअप होती, आठ फुटी हौद्याची. त्या हौद्यात सरकवून बसवायचा कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहायची छोटी खोली, बायकोने आणि मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेवर स्वतः बांधला. २०१९ च्या मे महिन्यात पहिलं प्लायवूड कापलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये छताला शेवटचा सीलंटचा हात दिला. बाजारातल्या कॅम्परमध्ये टेबल असतं, सोफा असतो, मोठा फ्रिज असतो. आम्हाला ते काही नको होतं, सामानाला जागा हवी होती. म्हणून पलंग उंच घेतला आणि त्याखाली फाळक्याच्या बाजूने उघडणारा साडेसहा फूट लांब कप्पा केला. पुढचं चाक काढलं की दोन सायकली सरकत्या ट्रेवर बसत आणि बाजूच्या फटीत स्कीच्या दोन जोड्या जात. खडक चढायच्या सत्तर मीटरच्या दोरांसाठी दोन रुंद, उथळ खण होते, म्हणजे दोर ओला असला तरी पसरून वाळे. एका कपाटाला तळाशी जाळी लावली आणि हीटरची गरम हवा त्यातून वर सोडली. रात्री चिंब झालेले हातमोजे सकाळी कोरडे मिळत. छतावर दोन कयाक.

चार वर्षं दर दुसऱ्या-तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही त्यातून पूर्वेला निघायचो. टायोगा पास हा डोंगरातला घाट उघडा असेल तर त्यावरून, हिवाळ्यात तो बंद असतो म्हणून लांबचा वळसा घालून हायवे ३९५ वर, मग डोंगरापलीकडचं बिशप गाव. बटरमिल्कच्या खडकांवर कितीतरी सकाळी त्या मागच्या दारात बसून चहा प्यायलो.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की विकताना मला सगळ्यात जास्त अडवलं ते याच गोष्टीने. मी ती चार वर्षं विकायला निघालो होतो, आणि घेणारा हौद्यावरची एक पेटी बघत होता. हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले. दुसऱ्या कुणाचे तेवढे जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर फॉर्म आणि मुदती वेगळ्या असतील.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलगी झाली. पिकअप सुपरकॅब, म्हणजे मागची सीट आखूड. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत त्याला मागे तोंड केलेल्या सीटमध्येच बसवायचं हा इथला कायदा आहे; वजन किंवा उंची ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच सूट. ती सीट आमच्या मागच्या बाकावर बसवली की पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागे की बायकोचे गुडघे डॅशबोर्डला टेकत. दोन कंपन्यांच्या सीट आणून पाहिल्या. जानेवारीत एका रात्री तीच म्हणाली, “अरे, गाडी नुसती उभी आहे. दर आठवड्याला तू जाऊन ती सुरू करतोस आणि तोंड पाडून घरात येतोस. विकून टाकू या.” मी दोन दिवस बोललो नाही. मग हो म्हणालो.

पहिलं काम टायटलचं, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदाचं. पिकअपवर थोडं कर्ज शिल्लक होतं, ९ फेब्रुवारीला मी ते फेडलं. माझी समजूत अशी की आठवड्याभरात टायटल पोस्टाने येईल. कर्ज असताना बऱ्याचदा टायटल कागदावर नसतंच, कर्ज देणाऱ्याच्या आणि डीएमव्हीच्या, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याच्या, संगणकांत असतं. फेडल्यावर देणारा आपला हक्क सोडतो, मग डीएमव्ही कागद छापून पाठवते. माझ्या बाबतीत हक्क सोडल्याची नोंद जायलाच तीन आठवडे लागले. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा “प्रक्रियेत आहे” एवढंच उत्तर. टायटल हातात पडलं २१ मार्चला. जाहिरात आधी टाकली असती तर तयार गिऱ्हाईकाला सहा आठवडे थांबवून ठेवावं लागलं असतं, आणि कुणी थांबत नाही. म्हणून कर्ज असेल तर सुरुवात इथून करा. कागद आल्यावर त्यावरचं नाव आणि व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) चौकटीवरच्या आकड्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आमचं टायटल दोघांच्या नावावर होतं. दोन नावांच्या मध्ये “आणि” असेल तर दोघांच्याही सह्या लागतात, “किंवा” असेल तर एकाची पुरते. आमच्यात “आणि” होतं, त्यामुळे विक्रीच्या दिवशी बायको सोबत हवी हे तेव्हाच कळलं.

मार्च-एप्रिलचे शनिवार-रविवार गाडी रिकामी करण्यात गेले. एका खणाच्या मागे हरवलेला कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) सापडला, दुसऱ्यात तुओलमीच्या एका पावसाळी रात्री खेळलेल्या पत्त्यांमधली बदामाची राणी. सामान काढल्यावर छताच्या पंख्याजवळ, आतल्या बाजूने, तळहाताएवढा पिवळट डाग दिसला. कपड्यांच्या आड तो कधी दिसलाच नव्हता. ओलावा मोजायचं छोटं यंत्र ३० डॉलरला आणलं आणि अख्ख्या छताचा ओलावा मोजला. ओल फक्त पंख्याच्या एका कोपऱ्यात होती. पंखा काढला, जुनं सीलंट खरवडलं, खालचं प्लायवूड दोन आठवडे वाळू दिलं, मग पाणी अडवणारी ब्युटाइल टेप आणि वरून नवं सीलंट. खर्च ८५ डॉलर. डागावर रंग मारायचा मोह झाला होता. बायको म्हणाली, “राहू दे, फोटो काढ आणि जाहिरातीतच टाक.” तिचा तो सल्ला पुढे फार कामाला आला.

कॅम्परची बॅटरी, सोलर आणि पंप यांच्या वायरिंगचा आराखडा मी बांधताना वहीत काढला होता. तो स्वच्छ काढून घेतला, प्रत्येक फ्यूज कशाचा ते लिहिलं आणि कपाटाच्या दाराच्या आत चिकटवला. प्रोपेनचे सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासले. साहित्याच्या पावत्या जमवल्या तर बेरीज ११,४०० डॉलर निघाली.

स्मॉगची, म्हणजे गाडीच्या धुराची, तपासणी विकणाऱ्याने करून द्यायची असते आणि तिचं प्रमाणपत्र नव्वद दिवस चालतं. मी २७ एप्रिलला गेलो आणि तसाच परत आलो. झालं असं की कॅम्परच्या वायरिंगचं काम करताना मी पिकअपची मुख्य बॅटरी सोडवली होती. बॅटरी निघाली की गाडीच्या संगणकातल्या धूर-नियंत्रणाच्या चाचण्या पुसल्या जातात आणि गाडी पुरेशी चालेपर्यंत त्या पुन्हा पूर्ण होत नाहीत. तपासणी करणाऱ्याने शांतपणे समजावलं: थोडी शहरात, थोडी हायवेवर, सकाळी इंजिन पूर्ण गार असताना सुरू करून, असं आठवडाभर चालवून या. मी रोज ऑफिसला पिकअप नेली. ४ मेला एका झटक्यात पास. ६५ डॉलर. बॅटरी सोडवायची असेल तर स्मॉगच्या निदान दोन आठवडे आधी ते काम उरकून घ्या.

ऑफिसच्या त्या आठवड्यात एक मित्र गाडी बघून म्हणाला, “वजन किती आहे रे याचं? विचारणारा पहिलं तेच विचारेल.” मला अंदाज होता, आकडा नव्हता. ट्रक थांबतात तिथल्या वजनकाट्यावर दोनदा गेलो. एकदा कॅम्परसकट, इंधनाची टाकी भरलेली, गाडीत कुणी नाही: ८,४२० पौंड. मग घरी चार जॅकवर कॅम्पर उचलून पिकअप खालून काढली, टाकी पुन्हा भरली आणि परत गेलो: ६,६४० पौंड. म्हणजे कॅम्पर १,७८० पौंडांचा. गाडीच्या दाराच्या चौकटीवर एकूण वजनाची मर्यादा १०,००० लिहिली होती. माणसं, पाणी आणि सामान मिळून १,५८० पौंड उरतात. वीस गॅलनची पाण्याची टाकी भरली की त्यातले साधारण १६७ पाण्यातच जातात. काट्याच्या दोन्ही पावत्यांचे फोटो जाहिरातीत टाकले. आमच्या जाहिरातीतलं सगळ्यात कामाचं पान मला विचाराल तर तेच. ज्यांची पिकअप लहान होती आणि ज्यांना फक्त कॅम्पर उचलून न्यायचा होता, त्यांनी आकडा बघून स्वतःच नको म्हटलं, आणि तेच बरं झालं. एवढं वजन छोट्या पिकअपवर टाकून डोंगरउतारावर जाणं जिवावरचं आहे.

किंमत ठरवण्यात मी चुकलो. जुन्या गाड्यांचे भाव सांगणाऱ्या केली ब्लू बुकवर तशीच नुसती पिकअप २२,००० च्या आसपास दिसत होती. त्यावर पावत्यांचे ११,४०० आणि वर आमच्या मेहनतीचे म्हणून मी ३८,५०० मागितले. ११ मेला जाहिरात टाकली. दहा दिवसांत ढिगाने निरोप आले, “सुंदर आहे” असे, पण बघायला एकही जण आला नाही. स्वतः बांधलेल्या वस्तूला बँकेचा भाव नसतो, कंपनीची हमी नसते, आणि आपल्या सोयीने केलेली प्रत्येक गोष्ट घेणाऱ्याला सोयीची असेलच असं नाही. ज्याला सायकल चालवायची नाही त्याला साडेसहा फुटी कप्पा म्हणजे गेलेली जागा. हे मान्य करणं जड गेलं. त्या रात्री मी जाहिरात पुन्हा लिहिली. आधी ‘साहसी जोडप्यासाठी’ वगैरे होतं, ते काढलं. प्रत्येक कप्प्याची लांबी-रुंदी-उंची इंचांत लिहिली, काय मावतं ते लिहिलं, काय मावत नाही तेही: सहा फूट दोन इंचांहून उंच माणूस आत ताठ उभा राहू शकत नाही, स्वयंपाकाचा ओटा फक्त वीस इंच आहे, संडास नाही. ओल आली होती ती कुठे, कशी बुजवली, फोटोसकट. किंमत ३४,९००. निरोप कमी झाले, पण जे आले ते टेप घेऊन बसलेल्या माणसांचे होते.

मध्येच फसवणाऱ्यांबद्दल. एकाने न बघताच पूर्ण किंमत देऊ केली. तो समुद्रात तेलविहिरीवर कामाला आहे, चेक पाठवतो, त्यात वाहतूकदाराचे पैसे जास्तीचे असतील ते तेवढे पुढे पाठवा, असं म्हणाला. दुसऱ्याला एका विशिष्ट संकेतस्थळावरूनच गाडीचा इतिहास हवा होता आणि तिथे माझं कार्ड मागत होते. तिसऱ्याने “तुम्ही खरे आहात का ते तपासतो, फोनवर आलेला कोड सांगा” म्हटलं. तो कोड दिला की आपल्या नंबरवर त्यांचं खातं उघडतं. तिघांनाही उत्तर दिलं नाही. चेकबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या: खात्यात पैसे दिसले म्हणजे चेक वटला असं नसतं. बँकेचा छापील कॅशियर चेकसुद्धा खोटा निघू शकतो, काही आठवड्यांनी परत येऊ शकतो, आणि तेव्हा ती रक्कम आपल्याकडूनच वसूल होते.

पहिलं खरं गिऱ्हाईक २५ मेला आलं, एक तरुण जोडपं. दोन तास बघितलं, चालवून बघितलं. चालवायला देण्याआधी मी परवान्याचा आणि विम्याचा फोटो घेतला आणि शेजारी बसलो, हे अवघडल्यासारखं न वाटता सरळ सांगावं, समोरच्याला राग येत नाही. ३३,००० ला ठरलं, ५०० डॉलर इसार दिला, मी साध्या कागदावर लिहून दिलं की कर्ज मंजूर झालं नाही तर परत करीन. चार दिवसांनी त्यांचा फोन. त्यांची बँक पिकअपवर कर्ज द्यायला तयार होती, घरी बांधलेल्या कॅम्परवर एक पैसाही नाही. मग त्यांनी विचारलं की पूर्ण रक्कम पिकअपच्याच नावावर लिहून द्याल का. म्हणजे बँकेला खोटं सांगणं झालं. मी नाही म्हणालो आणि इसार त्याच संध्याकाळी परत केला. त्या मुलीचा आवाज फोनवर रडवेला झाला होता. मलाही फार वाईट वाटलं, कारण ती माणसं मनापासून आवडली होती. पण तुमचा कॅम्पर घरी बांधलेला असेल तर पहिल्याच बोलण्यात विचारा: पैसे कर्जाचे की साठवलेले?

त्यांच्याच निमित्ताने मी डीएमव्हीचं कागदपत्र नीट वाचलं. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कॅम्पर कायमचा जोडलेला असेल तर गाडी ‘हाउस कार’ ठरते, तात्पुरता बसवलेला असेल तर ठरत नाही. आमचा चार टर्नबकलने, म्हणजे फिरवून घट्ट करायच्या आकड्यांनी, ताणून धरलेला, चाळीस मिनिटांत उतरणारा. म्हणजे कागदावर आमची पिकअप पिकअपच होती आणि कॅम्पर तिच्यावरचं ओझं. त्याचं वेगळं टायटल नव्हतं. म्हणून दोन विक्रीपत्रं करायची असं ठरवलं: पिकअपचं टायटलसोबत, कॅम्परचं वेगळं, त्यात लांबी-रुंदी, वजन, बांधल्याचं वर्ष, आत काय काय आहे त्याची यादी आणि “जसा आहे तसा, हमीशिवाय” हे शब्द. डीएमव्हीचा विक्रीपत्राचा आरईजी १३५ हा फॉर्म संकेतस्थळावरून छापता येतो.

१ जूनला बिशपहून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, हिवाळ्यात स्की पट्रोलवर, म्हणजे बर्फाच्या उतारांवरच्या बचाव पथकात, आणि उन्हाळ्यात सुतारकाम करणारे. कित्येक तास गाडी चालवून आले होते आणि सोबत स्वतःची सायकल, स्की आणि दोराची पिशवी घेऊन आले होते. नमस्कार-चमत्कार झाल्यावर ते थेट फाळक्याशी गेले आणि सायकल ट्रेवर चढवून बघितली. हँडल अर्धा इंच अडत होतं. त्यांनी खाली वाकून बिजागरीकडे पाहिलं, म्हणाले, ही दोन स्क्रूंनी खाली घेता येईल. मग दोर काढला, वरच्या खणात पसरला आणि खण बंद केला. पूर्ण बंद झाला. ते माझ्याकडे बघून हसले. मला त्या क्षणी कळलं की हेच.

त्यानंतरचे तीन तास मात्र त्यांनी काहीही सोडलं नाही. ओलावा मोजायचं यंत्र मागून घेतलं आणि अख्खं छत पुन्हा मोजलं. खाली झोपून टर्नबकलच्या पट्ट्या आणि चौकटीवरचा गंज बघितला. सांधे कसे केलेत, कुठला गोंद, फोमची जाडी किती, सगळं विचारलं. वायरिंगचा आराखडा बघून म्हणाले की असं कुणी ठेवत नाही. ते ३१,००० म्हणाले, मी ३३,०००, आणि ३२,००० वर थांबलो. पिकअपचे २१,०००, कॅम्परचे ११,०००. विक्रीकर घेणं विकणाऱ्याचं काम नसतं, घेणारा डीएमव्हीत तो कर भरतो, त्यामुळे किंमत कमी लिहा असं सांगणारे भेटतात. यांनी ते काढलंही नाही.

८ जूनला सकाळी दहा वाजता त्यांच्या बँकेच्या फ्रीमाँटमधल्या शाखेत भेटलो. कॅशियर चेक आमच्या डोळ्यांदेखत खिडकीवर तयार झाला, तो घेऊन शेजारच्या रस्त्यावरच्या माझ्या बँकेत भरला. फसवणुकीची भीती असेल तर याहून सोपा इलाज नाही. कुणी रोख देऊ केले तर एवढं माहीत असू द्या की १०,००० डॉलरच्या वर रोख भरली की बँक सरकारला कळवते. त्यात आपल्याला काही त्रास नसतो. पण ते टाळायला रक्कम तुकड्यातुकड्याने भरणं हा गुन्हा आहे.

मग घरी येऊन जेवणाच्या टेबलावर सह्या. टायटलवर ओडोमीटरचा, म्हणजे गाडी किती मैल चालली त्याचा, आकडा लिहावा लागतो. २०११ आणि त्यापुढच्या मॉडेलांना हे वीस वर्षांपर्यंत बंधनकारक आहे. गाडी दाखवत होती ९६,४८२. मुलगी मांडीवर चुळबुळ करत होती, माझं लक्ष गेलं आणि मी ९६,८४२ लिहिलं. लगेच लक्षात आलं, एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहिला आणि बाजूला सही केली. आम्हाला तिघांनाही ते पुरेसं वाटलं. नव्हतं.

आधी निघतानाचं सांगतो. नंबरप्लेट इथे गाडीबरोबरच जातात, आमच्या साध्याच होत्या. टोलचा टॅग मी काचेवरून काढला. गृहस्थांना पाण्याची टाकी, हीटर, जॅकचा क्रम असं सगळं एकदा दाखवलं. त्यांनी फोनवर चित्रित केलं. बायकोने कपाटाच्या दारावर हात ठेवला, काही बोलली नाही, आणि आत निघून गेली. पाऊण वाजता गाडी कोपऱ्यावरून वळली. मी ड्राइव्हवेवर बराच वेळ उभा होतो. जमिनीवर तेलाचे चार जुने ठिपके होते, जॅकचे पाय टेकायचे तिथे.

त्याच दुपारी डीएमव्हीच्या संकेतस्थळावर जबाबदारीतून मुक्त होण्याची नोटीस भरली, आरईजी १३८. पाच दिवसांची मुदत असते, पण त्याच दिवशी भरा. नंबरप्लेट, व्हीआयएनचे शेवटचे पाच आकडे, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख आणि ओडोमीटर एवढंच लागतं, फुकट आहे, दहा मिनिटांचं काम. त्यानंतर त्या गाडीचा दंड किंवा अपघात झाला तर तो आपल्या माथी येऊ नये म्हणून हा कागद. पोचपावतीचं पान छापून ठेवलं. विमा मात्र मी सोमवारी बंद केला, चेक पक्का झाल्यावर.

त्याच सोमवारी, १० जूनला, बिशपहून फोन. तिथल्या डीएमव्हीच्या खिडकीवर टायटलवरची खोडाखोड चालली नाही. ओडोमीटरचा आकडा आरईजी २६२ वर पुन्हा लिहून विकणाऱ्यांच्या सह्या हव्या, आणि खोडाखोड कशी झाली ते सांगणारं आरईजी २५६ हे निवेदनही. २६२ हा फॉर्म सुरक्षा-कागदावर छापलेला असतो, संकेतस्थळावरून उतरवून घेता येत नाही, डीएमव्हीतूनच आणावा लागतो. घेणाऱ्याला नावावर करून घ्यायला दहा दिवस असतात, म्हणजे १८ जून. माझ्या एका आकड्यापायी त्यांना दंड बसेल या विचाराने मला दोन रात्री नीट झोप आली नाही. त्यांनी तिथून फॉर्म घेऊन पोस्टाने पाठवला, गुरुवारी १३ तारखेला मिळाला, दोघांनी तासाभरात सह्या केल्या आणि मी जलद टपालाने परत पाठवला. शनिवारी पोचला, सोमवारी १७ ला त्यांच्या नावावर झाली. पाठवणावळीचे पैसे मी दिले, ते नको म्हणत होते तरी.

तेव्हा टायटलवर पेन टेकवण्याआधी आकडा दुसऱ्या कागदावर लिहा, दोघांनी मोठ्याने वाचा आणि मगच लिहा. एक कोरा २६२ आधीच डीएमव्हीतून आणून ठेवला तर आणखी उत्तम. सह्या करताना मूल दुसऱ्या खोलीत असू द्या.

ऑगस्टमध्ये माझ्या टोलच्या खात्यातून बे ब्रिजचे सात डॉलर गेले. टॅग काढला होता, पण खात्यातल्या गाड्यांच्या यादीतून ती नंबरप्लेट काढायची राहिली होती, आणि टॅग नसेल तर कॅमेरा नंबरप्लेटवरून पैसे घेतो. गृहस्थ कयाक घेऊन समुद्रावर आले होते. त्यांनी सात डॉलर लगेच पाठवले, सोबत एक फोटो: कप्प्याचं दार उघडं, बिजागरी दोन स्क्रूंनी खाली घेतलेली, सायकलचं हँडल आत.

नोव्हेंबरात त्यांचा निरोप आला. कपाटाच्या दारावरचा कागद वाफेने ओला होऊन पुसट झाला आहे, छताच्या पंख्याचा फ्यूज कुठला? मूळ वही माझ्याकडे होती. मुलीला कडेवर घेऊन फडताळातून काढली, पान शोधलं आणि फोटो पाठवला. डावीकडून तिसरा, पाच अँपियरचा. आणि नवा कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा, असंही लिहिलं.